चाक थांबते, गाडी थांबत नाही

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने घर्षणाच्या प्रकरणातच आपटी खावी, यासारखी नामुष्की दुसरी नाही. ती माझ्या वाट्याला २०११ सालच्या जून महिन्यात आली, आणि वर्गात मी ती आजवर कधी सांगितलेली नाही. या अंकासाठी 'विज्ञानाचे काहीतरी सोपे लिहा' असा संपादक मंडळींचा तगादा सुरू झाला तेव्हा मनात आले, की निदान हे एक प्रकरण तरी आपण पुस्तकाबाहेर शिकलो आहोत, तेच लिहावे.

त्या दिवशी आम्ही दोघे मोटरसायकलवरून बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला निघालो होतो. मी चालवीत होतो, मागे माझा मित्र. जांबोटी गेली, कणकुंबी गेली. पाऊस नुकताच सुरू झालेला, म्हणजे नेमका वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि गाड्यांतून ठिबकलेले तेल पहिल्या पावसात कालवले जाते आणि डांबरावर त्याचा बुळबुळीत लेप बसतो. दोन-चार मोठ्या सरी येऊन गेल्या की तो धुऊन जातो. पण त्या सरी अद्याप यावयाच्या होत्या. उतारावर वेग चाळीसच्या आसपास असेल. वळण संपले आणि समोर तीसएक मीटरवर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून उभी. मी जे कोणीही करील तेच केले : हातातला आणि पायातला, दोन्ही ब्रेक करकचून दाबले. पुढचे चाक जागच्या जागी अडकले. पुढे काय झाले ते आठवावयासही वेळ मिळाला नाही. गाडी आडवी होऊन आमच्यासकट घसरत म्हशीच्या पायांपर्यंत गेली. म्हैस बाजूला झाली. मला खरचटले, आणि मित्राच्या उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले.

इस्पितळाच्या बाकावर बसून मी एका चिठ्ठीच्या पाठीवर गणित मांडले. त्या वेळी दुसरे काही सुचत नव्हते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. म्हैस दिसून बोटे ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर अकरा मीटर तिथेच संपले. हाती उरले एकोणीस. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ओल्या रस्त्यावर फिरत्या चाकाला घर्षणांक अर्धा, म्हणजे ०.५ मिळतो असे धरले आणि उताराचे थोडे वजा केले, तर अंतर येते सुमारे चौदा मीटर. अडकलेल्या, घसरत्या चाकासाठी तोच अंक ०.३५ धरला तर उतारासह येते एकवीस मीटर. आकडे ढोबळ आहेत हे मान्य. पण चौदा आणि एकवीस यांच्या मध्ये एकोणीस बसतात, ही गोष्ट काही केल्या बदलत नव्हती. म्हणजे मी ब्रेक थोडा कमी दाबला असता तर आम्ही म्हशीच्या अलीकडे, आणि मुख्य म्हणजे उभे, थांबलो असतो. जास्त ब्रेक दाबल्याने गाडी कमी थांबली. हे कसे?

याचे मूळ घर्षणाच्या दोन स्वभावांत आहे. घरातले जड कपाट ढकलून पाहिलेल्याला ते वेगळे सांगावयास नको. प्रथम ते हलता हलत नाही, पण एकदा हलले की त्याहून कमी जोरात सरकत राहते. दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून असतात तेव्हाचे स्थितिक घर्षण आणि घसरू लागल्यावरचे गतिक घर्षण, यांत पहिले मोठे. आता चाकाकडे पाहा. गाडी धावत असते, पण चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी रस्त्याच्या मानाने स्थिर असतो. टेकायचे, धरायचे, सोडायचे. मग पुढचा भाग टेकतो. चालणारा माणूस पाऊल टाकतो तसेच चाक हे अगणित पावले टाकत जाते. म्हणून फिरत्या चाकाच्या वाट्याला मोठे, म्हणजे स्थितिक घर्षण येते. चाक अडकले की पावले टाकणे बंद होते आणि रबराचा एकच तुकडा रस्त्यावरून फरफटत जातो. गाडी थांबविणारी सारी ऊर्जा मग ब्रेकच्या तबकडीत उष्णतेच्या रूपाने न जाता त्या तळहाताएवढ्या रबरातच ओतली जाते. कोरड्या रस्त्यावर उमटणारे ते काळे पट्टे म्हणजे त्या जळक्या, झिजल्या रबराची सही.

रबर मात्र कपाटासारखे ताठ नसते, ते ताणले जाते. त्यामुळे खरा हिशेब थोडा निराळा आहे. ब्रेक लावल्यावर चाक गाडीच्या मानाने किंचित मागे पडते. गाडी शंभर मीटर गेली आणि चाक नव्वद मीटरांपुरतेच फिरले, तर घसर दहा टक्के झाली म्हणायचे. मुक्त फिरणाऱ्या चाकाची घसर शून्य, अडकलेल्याची शंभर. डांबरी रस्त्यावर सर्वांत जास्त पकड मिळते ती साधारण दहा ते वीस टक्के घसरीला. तिथून पुढे पकड उतरू लागते, आणि एकदा तो माथा ओलांडला की चाक कुणाला विचारीत बसत नाही. पकड कमी झाली म्हणून चाक आणखी मंदावते, मंदावले म्हणून पकड आणखी कमी होते. सेकंदाच्या छोट्याशा अंशात चाक अडकून बसते. चांगला ब्रेक लावणे म्हणजे या माथ्यावर तोल सांभाळून उभे राहणे. ओल्या रस्त्यावर हा माथा आधीच ठेंगणा असतो आणि तिथवर पोहोचावयास हाताचा थोडासा दाबही पुरतो.

अंतर वाढते ही तरी अर्धीच आपत्ती. दुसरी अधिक वाईट, आणि वर्गात मी तिच्याकडे कधी पुरेसे लक्ष दिले नव्हते. फिरत्या चाकाला पुढे-मागे आणि आडवे यांतला फरक कळतो. पुढे ते सहज जाते, आडवे जायला विरोध करते. गाडी वळते ती या विरोधाच्या बळावर, आणि दुचाकी उभी राहते तीही त्याच बळावर, कारण आपण नकळत हँडल सतत थोडे इकडे-तिकडे करून तोल सावरीत असतो. अडकलेल्या चाकाला हा फरक राहत नाही. ओल्या फरशीवर सरकणाऱ्या साबणाच्या वडीला जसे तोंड नसते तसे त्यालाही नसते. घर्षण फक्त घसरण्याच्या उलट दिशेने लागते, मग हँडल कुठेही वळवा. मोटारीची पुढची चाके अडकली तर ती सुकाणू फिरवूनही नाकासमोर जात राहते. मागची आधी अडकली तर मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी गिरकी घेते. आणि दुचाकीचे पुढचे चाक अडकले तर काय होते, ते वर आलेच आहे.

हे सगळे आमच्या मामांना कधीपासून ठाऊक होते. बेळगावची भाजी ट्रकात घालून गोव्याला पोहोचविण्यात त्यांचा जन्म गेला. अपघाताची हकीकत ऐकून ते एवढेच म्हणाले, "अरे, पावसात ब्रेक धरून बसायचा नसतो. मारायचा, सोडायचा, मारायचा, सोडायचा. तुला कॉलेजात हे शिकवलं नाही व्हय?" मी गप्प बसलो. मामांचे मारणे-सोडणे म्हणजे चाक अडकले की त्याला पुन्हा फिरू देणे आणि पुन्हा माथ्याकडे नेणे. पण माणसाचा पाय हे सेकंदाला फार तर तीन-चार वेळा करू शकतो, तेही पुढे म्हैस दिसत असताना डोके शांत ठेवून. आणि एक पाय सगळी चाके एकदमच सोडतो. डाव्या बाजूची चाके चिखलात आणि उजव्या बाजूची डांबरावर असली तरी दोघांना एकच न्याय. मामांचे हे काम प्रत्येक चाकापाशी बसून, न घाबरता, सेकंदाला दहा-पंधरा वेळा करणारी जी यंत्रणा, तिचे नाव अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम, सर्वतोमुखी एबीएस.

तिची करामत समजावयास सोपी आहे. प्रत्येक चाकाबरोबर दात्यांचे किंवा खाचांचे एक कडे फिरते आणि शेजारी एक संवेदक बसविलेला असतो. दाता समोरून गेला की विजेचा एक ठोका. ठोके मोजले की चाकाचा वेग कळला. आता पेच असा, की गाडीचा खरा वेग किती हे सांगणारे दुसरे काही नाही. तोही चाकांवरूनच काढायचा. मग चाक मंदावते आहे ते गाडी मंदावते म्हणून, की चाक अडकू लागले म्हणून, हे ओळखायचे कसे? उत्तर मला स्वतःला फार आवडते. कोरड्या उत्तम रस्त्यावरही साधी मोटार गुरुत्वत्वरणाएवढ्या दराहून फारशी झपाट्याने थांबू शकत नाही. म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वेगावरून थांबावयास तिला दीड-पावणेदोन सेकंद तरी हवेतच. आणि इकडे एखादे चाक जर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात थांबण्याच्या बेताला आले असेल, तर ते गाडीचा वेग सांगत नाही, थाप मारते आहे! गाडीला जे शक्यच नाही ते चाक करू लागले, यावरूनच ते घसरू लागल्याचे कळते.

कळल्यावर काय करायचे? ब्रेकच्या तेलाच्या नळीवर प्रत्येक चाकासाठी दोन झडपा असतात. पहिली बंद केली की पायाचा दाब कितीही वाढला तरी त्या चाकापर्यंत पोहोचत नाही. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी उघडते आणि चाकाकडचे थोडे तेल बाहेर जाते, दाब उतरतो, चाक पुन्हा फिरू लागते. ते सावरले की दुसरी बंद, पहिली उघडी, आणि दाब पुन्हा चढतो. बाहेर गेलेले तेल एक छोटा पंप उलट ढकलून देतो. पायाखाली जी थरथर जाणवते ती याचीच. ही थरथर अनेकांना घाबरविते. माझ्या मामेभावाने नवी मोटार घेतली तेव्हा कॅम्पातल्या ओल्या रस्त्यावर त्याच्या पायाखाली पेडल अशी धडधडू लागली, आणि काहीतरी तुटले असे समजून त्याने पायच उचलला. पुढचा रिक्षावाला थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात. मिस्त्री हसून म्हणाला, "साहेब, ती काम करते आहे, तुम्हीच काम सोडलं." एबीएसच्या गाडीत मारणे-सोडणे करायचे नाही. घट्ट दाबायचे, दाबून धरायचे आणि सुकाणू हवे तिकडे वळवायचे. मामांची विद्या इथे उलटी पडते, आणि ही गोष्ट त्यांना पटवावयास मला दोन दिवाळ्या लागल्या.

ही कल्पना मोटारींच्या आधी विमानांत आली, यात नवल नाही. उतरताना विमानाचे चाक अडकले तर टायर फुटण्याचे भय मोठे. १९५० नंतरच्या काळात ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने 'मॅक्सारेट' नावाचे उपकरण विमानांना बसविले. त्यात विजेचा संबंध नव्हता. चाकाबरोबर एक लहानसे जड चक्र फिरत असे. चाक एकदम मंदावले तरी हे चक्र जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाही, आणि त्या ओढीने ब्रेकच्या दाबाची झडप उघडे. बसने अचानक ब्रेक लावल्यावर उभे प्रवासी पुढे जातात, तेच तत्त्व. हेच उपकरण १९५८ साली रॉयल एनफिल्डच्या 'सुपर मिटिअर' या मोटरसायकलवर बसवून ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने चाचण्या घेतल्या. निष्कर्ष अनुकूल होते. पण कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांना त्यात भवितव्य दिसले नाही आणि ते तिथेच राहिले. मोटरसायकलला इलेक्ट्रॉनिक एबीएस मिळावयास १९८८ साल उजाडावे लागले. ती बीएमडब्ल्यू होती. मधल्या तीस वर्षांचा विचार मनात आला की मला इस्पितळातले ते बाक आठवते.

मोटारींत १९६६ च्या 'जेन्सन एफएफ'ला मॅक्सारेटच होते. प्रत्येक चाकाचा वेग मोजून सेकंदाच्या अंशात निर्णय घेणारे इलेक्ट्रॉनिक मंडल भरवशाचे व्हावयास वेळ लागला, आणि १९७८ साली बॉशने तयार केलेली यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. आजची एबीएस ही तिचीच वंशज.

एकदा प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा हाताळता येऊ लागला, तेव्हा पुढची पायरी कुणाला तरी सुचणे भागच होते. चालक ब्रेकला शिवलाही नसताना, गाडी वळणावर बहकू लागली की यंत्रणेने स्वतःच एखाद्या चाकाचा ब्रेक लावावा! सुकाणू किती वळविले हे एक संवेदक सांगतो, गाडी प्रत्यक्षात स्वतःभोवती किती वळते आहे हे दुसरा. दोघांचे जुळेनासे झाले की हस्तक्षेप. गाडी हवी तितकी वळत नसेल तर वळणाच्या आतले मागचे चाक धरायचे. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर बाहेरचे पुढचे. होडीत एका बाजूचे वल्हे पाण्यात रोवून धरले की होडी त्या बाजूला वळते, तसेच हे. ही स्थिरता-यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्याच महागड्या गाडीत आली आणि कदाचित तिथेच रेंगाळली असती. पण १९९७ च्या ऑक्टोबरात एका स्वीडिश मासिकाने त्यांची छोटी, नवी 'ए-क्लास' चाचणीसाठी घेतली. रस्त्यात अचानक एल्क हे मोठे जनावर आडवे आले असे समजून गाडी झटकन एकीकडे आणि लगेच परत वळवायची, अशी ती चाचणी. गाडी उलटली. जगभर बोभाटा झाला, आणि कंपनीला त्या छोट्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट बसवावी लागली. त्यांच्या रस्त्यावर एल्क, आमच्या रस्त्यावर म्हैस. एवढाच काय तो फरक.

एवढे गुणगान झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एबीएस घर्षण निर्माण करीत नाही, असलेले घर्षण वाया जाऊ देत नाही इतकेच. बर्फावर घर्षणांक ०.१ च्या घरात असतो. तिथे ताशी ७२ किलोमीटरवरून थांबावयास दोनशे मीटर लागतात ते लागतातच. सुट्या खडीवर किंवा भुसभुशीत मातीवर तर अडकलेले चाक आपल्यापुढे मातीचा बांध रचते आणि त्या बांधामुळे लवकर थांबते. एबीएस चाकाला फिरवीत ठेवते, बांध मोडते, आणि अंतर उलट वाढते. आपल्याकडच्या अर्धवट राहिलेल्या रस्त्यांवर हे ध्यानात ठेवावे. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना टायर पाण्यावर तरंगू लागले तर रस्त्याशी संबंधच संपतो. तिथे टायरची नक्षी कामाची; गोटा झालेल्या टायरला कोणतीही यंत्रणा वाचवू शकत नाही. शिवाय माणूस आहेच. म्युनिक शहरात टॅक्सींच्या एका ताफ्यातील काही गाड्यांना एबीएस बसवून काहींना न बसविता तुलना केली गेली, तेव्हा अपघातांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. एबीएसवाले चालक अधिक बेदरकारपणे हाकू लागले होते! यंत्राने दिलेली सवलत त्यांनी वेगात खर्च करून टाकली.

तरीही दुचाकीच्या बाबतीत माझे मत पक्के आहे. मोटारीचे चाक अडकले तर मोटार निदान चार चाकांवर उभी तरी राहते. दुचाकीला ती दुसरी संधी नाही. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय चालेल असे ठरले. या दोहोंत विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये. एकत्र लागणारा ब्रेक दाब दोन्ही चाकांत वाटून देतो, पण चाक अडकताना सोडत नाही. शिवाय कित्येक मोटरसायकलींवर एबीएस असते ते फक्त पुढच्या चाकाला. पुढचे अधिक महत्त्वाचे, म्हणून निवड योग्यच. पण मागचे चाक अजून तुमच्याच पायाच्या हवाली आहे हे चालविणाऱ्याला माहीत असावे.

आपल्या गाडीला ते आहे की नाही हे पाहावयाचे असेल तर कॉलेजच्या स्टँडवर खाली वाकून पुढच्या चाकाकडे पाहा. ब्रेकच्या तबकडीला लागून आत खाचांचे एक पातळ कडे आणि त्याच्या जवळ येऊन थांबलेली एक वायर दिसली, तर आहे. किल्ली फिरविल्यावर मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो; चाकाचे ठोके नीट येत आहेत याची ती पोच. तो विझला नाही तर ब्रेक लागतात, नेहमीसारखेच लागतात, त्यामुळे कुणी तिकडे लक्ष देत नाही. मात्र त्या दिवशी तुमच्या हाती जी गाडी असते, ती २०११ सालच्या माझ्या गाडीसारखी असते.